तुझे खेळणे बरे झाले आहे

आमच्या घरात देव नव्हता, त्यामुळे भूत असायचा प्रश्नच नव्हता. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली फ्रेम केलेल्या बावीस प्रतिज्ञा, एवढंच. मी लहान असताना आमच्या गल्लीत एका बाईच्या अंगावर आपोआप बिब्ब्याच्या फुल्या उठतात म्हणून भानामतीची बोंब झाली होती. तेव्हा अण्णा — म्हणजे माझे वडील — स्वतः त्या घरात जाऊन बसले आणि तिसऱ्या दिवशी त्या बाईच्या नणंदेला बिब्ब्यासकट पकडून दिलं. अशा माणसाची मी मुलगी. नांदेडला पाटबंधारे खात्यात क्लार्क आहे, वय सत्तेचाळीस, बीपी नाही, शुगर नाही, झोपेच्या गोळ्या नाहीत. या सदरातले अनुभव मी चहासोबत वाचते आणि खरं सांगायचं तर हसते. आता हसायला येत नाही म्हणून लिहायला बसले आहे. लांबलं तर सांभाळून घ्या...

लातूरच्या गंजगोलाईतून सोळा रस्ते फुटतात. त्यातल्या एका रस्त्यावर भांडीवाल्यांच्या ओळीमागे एक बोळ आहे, तिथे आमचं दुकान होतं — 'भिंगरी खेळणी घर'. पाटीवर खाली बारीक अक्षरात 'दुरुस्ती होईल'. अण्णा आधी गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडली तेव्हा सगळे म्हणाले सायकलीचं दुकान टाका, यांनी टाकलं खेळण्यांचं! पांगुळगाडे, भोवरे, चाकाचे लाकडी बैल, पत्र्याची दाणे टिपणारी कोंबडी, कचकड्याच्या बाहुल्या. विकण्यात त्यांचा जीव फारसा नव्हताच. त्यांचा जीव सगळा त्या बारीक अक्षरातल्या ओळीत.

मोडकं खेळणं घेऊन पोर आलं की अण्णा त्याला स्टुलावर बसवायचे. नाव, गाव, काय झालं, कसं झालं, सगळं विचारायचे. मग पुठ्ठ्याच्या तुकड्यावर नाव लिहून तो सुतळीनं खेळण्याला बांधायचे आणि मागच्या फळीवर ठेवायचे. त्या फळीला आम्ही 'दवाखाना' म्हणायचो. खेळणं दुरुस्त झालं की अण्णा पोस्टकार्ड टाकायचे, तेही बापाच्या नावे नाही, पोराच्या नावे! मजकूर ठरलेला — "चि. अमुक यास अनेक आशीर्वाद. तुझे खेळणे बरे झाले आहे. स्वतः येऊन घेऊन जाणे. मोठ्या माणसास पाठवू नये." आणि खरोखरच मोठ्या माणसाच्या हातात ते खेळणं देत नसत. एका साहेबानं एकदा ड्रायव्हरला पाठवलं होतं, त्याला अण्णांनी चहा पाजला आणि रिकाम्या हातानं परत पाठवलं. साहेब चिडला. दुसऱ्या दिवशी साहेबाची पोरगी आली, तिला दिलं.

काही पोरं मात्र आलीच नाहीत. त्यांची खेळणी फळीवरच राहिली, आणि अण्णा दर दिवाळीला ती पुसून, तेलपाणी करून परत ठेवायचे.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे, सगळ्या गावांत तेच झालं. आधी बॅटरीची खेळणी आली, ती अण्णांनी ठेवली. मग चायनाची आली. त्यांना स्क्रूच नसायचे, उघडायची कुठून? मग मॉल, मग ऑनलाइन, मग मोबाईल. गोलाईतली खेळण्यांची तीन दुकानं होती, दोघांनी मोबाईलचे कव्हर विकायला घेतले. अण्णा एकटे राहिले. शेवटच्या वर्षी एक बाई आली, तिच्या कडेवर पोरगं, पोराच्या हातात फोन. अण्णांनी त्याच्यापुढे कोंबडीला चावी देऊन सोडली. कोंबडी टुकटुक करत काउंटरभर फिरली. पोरानं एकदा बघितलं आणि बोटानं हवेत सरकवलं — पुढचं दाखवा म्हणून! हे अण्णांनी मला फोनवर हसत हसत सांगितलं.  मी ऑफिसात होते, ठेवते म्हणाले.

गेल्या पोळ्याच्या आठवड्यात दुकानातच त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. महिनाभर दवाखाना झाला, मग मी त्यांना नांदेडला माझ्या घरी आणलं. तेवढ्यात जागामालकाचा निरोप आला, इमारत पाडून कॉम्प्लेक्स करायचंय, आठ दिवसांत खाली करा.

माझी चूक इथे झाली. एका शनिवारी मी एकटी लातूरला गेले. नवा माल एका व्यापाऱ्यानं नेला. राहिला तो 'दवाखाना'. एकतीस खेळणी, मी मोजली होती. पुठ्ठ्यावरची नावं पुसट झालेली. मी मनाशी म्हटलं, वीस-तीस-चाळीस वर्षं कोणी आलं नाही, आता कोण येणार? नांदेडला ठेवायची कुठे? आणि मला साडेचारची एस.टी. गाठायची होती. बाजूच्या रऊफचाचांना बोलावलं, त्यांचं भंगाराचं दुकान. त्यांनी सगळं पोत्यात भरलं. पोत्यात काहीतरी करकचून मोडल्याचा आवाज आला तेव्हा मी शटरवर कागद चिकटवत होते — 'दुकान बंद आहे, संपर्कासाठी' आणि माझा नंबर. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

रविवारी अण्णांना सांगितलं, सगळं नीट लावलं. त्यांनी डाव्या हाताची दोन बोटं वर केली आणि हवेत सुतळीची गाठ मारल्यासारखं केलं. मला लगेच कळलं. मी म्हटलं, "दवाखाना ना? तो पण आणलाय अण्णा, माळ्यावर ठेवलाय." त्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं, आणि डोळे मिटले.

सोमवारी सकाळपासून त्यांनी तोंड उघडलं नाही.

मुगाच्या डाळीचं पाणी, ताक, खिमटी — चमचा ओठाला लागला की मान फिरवायचे. घरीच सलाइन लावलं. डॉक्टर म्हणाले, येत्या सोमवारपर्यंत बघू, नाहीतर नाकातून नळी, आणि या वयात ती कितपत सोसेल सांगता येत नाही. मी विनवण्या केल्या, रडले. बुधवारी तर बापावर ओरडले — "मरायचंय का तुम्हाला? मला मारायचंय का?" माझा नवरा मला धरून बाहेर घेऊन गेला. माळ्यावर काय आहे हे त्यालाही माहीत होतं. जुने कुलर आणि गाद्या.

गुरुवारी दुपारी फोन आला.

"भिंगरीवाले का? मी मुदखेडचा हाय. गंगाधर माझं नाव. ताई, मला कार्ड आलंय. बैल बरा झाला म्हणून."

मला वाटलं कुणीतरी चेष्टा करतंय. मी फटकारलं. माणूस बिचारा घाबरला. "न्हाई हो ताई, चेष्टा कशाची. मी रेल्वेत गँगमन हाय. आज लातूरला भाच्याकडं आलो होतो, म्हणून दुकानावर आलो, तर कुलूप. थांबा, फोटो धाडतो."

फोटो आला. पिवळं पोस्टकार्ड. "चि. गंगाधर यास अनेक आशीर्वाद. तुझे खेळणे बरे झाले आहे." अक्षर अण्णांचं. 'झ' ची शेपटी उजवीकडे ओढायची त्यांची सवय, तीसुद्धा. मी धावत आत गेले आणि अण्णांचा उजवा हात उचलून पाहिला. दगडासारखा जड, बोटं आत वळलेली. 

नवरा म्हणाला, जुनी कार्डं लिहून ठेवलेली असतील, कोणी तरी नेऊन डब्यात टाकली. मलाही ते पटलं, पटवून घेतलं म्हणा. मग मी कार्डाचा पत्ता वाचला. मुदखेडच्या रेल्वे क्वार्टरचा नंबर. मी गंगाधरला परत फोन लावला, तुम्ही तिथे कधीपासून राहता? म्हणाला, "झालं की दीड साल." बैल त्यानं दिला होता तो तिसरीत असताना.

"तेव्हा न्यायला का आला नाहीत?" मी विचारलं.

"तेव्हाबी कार्ड आलं होतं की! पण आमचं समदं घर ऊसतोडीला गेलं होतं. आलो तवा पाऊस पडून कार्डाचा लगदा झालेला. मला वाटलं, बैल काय बरा झाला न्हाई."

त्या रात्रीपर्यंत आणि शुक्रवारी मिळून एकूण अकरा फोन आले, सगळे शटरवरचा माझा नंबर वाचून. चाकूरहून सुमन नावाची अंगणवाडी सेविका — तिची बाहुली. कंधारहून एक टेम्पोवाला — त्याची पत्र्याची बोट. सगळी चाळिशी-पन्नाशीची माणसं, सगळ्यांच्या नावामागे 'चि.', सगळ्यांचे पत्ते आजचे. सुमनच्या कार्डावर नाव माहेरचं आणि पत्ता सासरचा. मी सगळ्यांना एकच सांगितलं — वडील आजारी आहेत, रविवारी नांदेडला घरी या. रविवार का, तर मला दोन दिवस हवे होते. मनात एकच घोकत होते... खेळणी परत आणायची, अण्णांच्या समोर ठेवायची, अण्णा जेवतील.

शुक्रवारी पहाटेची गाडी धरून लातूर गाठलं. रऊफचाचा पोत्यांच्या मधोमध बसले होते. मी सांगितलं तसा त्यांनी कपाळाला हात लावला.

"बेटी, भंगार कधी एका जागी ऱ्हातंय का? पत्रा बराचसा मंगळवारीच गेला गाडीत. लाकूड हॉटेलवाल्यानं नेलं चुलीला. तू एक फोन तर करायचा होता मां..."

ते उठले आणि स्वतः माझ्यासोबत शोधायला लागले, पंचाहत्तरीचा माणूस. आम्ही दोघांनी अकरा पोती उपसली. माझ्या हाताला पत्रा लागला, रक्त आलं, मी तशीच शोधत राहिले. चेपलेली कोंबडी सापडली. एका बोटीचा अर्धा तळ. बाहुलीचा एक हात, कोपरापासून. पुठ्ठे सगळे सुटलेले, कुठलं कुणाचं काही कळायला मार्ग नाही. मग रिंगरोडच्या त्या हॉटेलवर गेले. भट्टीवाला म्हणाला, "हाव, आलं होतं की लाकूड. एक बैल होता, एक शिंग लाल, एक निळं. पोराला न्यावा म्हणून बाजूला ठेवला होता, पर मालकानं टाकला. सुकं लाकूड, लई चांगलं पेटलं." मी भट्टीसमोर खाली बसले. लोक जेवत होते, बघत होते, मला त्याचं काही नव्हतं.

परतताना पोस्टात गेले. सुमननं पाठवलेला कार्डाचा फोटो दाखवला. खिडकीतला माणूस चष्मा वर करून म्हणाला, "शिक्का आमचाच आहे मॅडम. मंगळवारचा. डब्यात कोणी टाकलं ते आम्हाला कसं कळणार?" मंगळवारी अण्णा माझ्यासमोर, माझ्या घरात, सलाइनवर होते. मंगळवारी दिवसभर मी रजेवर होते आणि त्यांच्या उशाशी बसून होते.

रविवारी सकाळी दहापासून माणसं यायला लागली. अकरापैकी नऊ आली. माझ्या हॉलमध्ये दाटीनं उभी राहिली, शाळेत उशिरा आल्यासारखी. कोणी केळी आणली होती, कोणी बिस्किटं. गंगाधर सगळ्यात उंच, मिशा पिकलेल्या, इस्त्रीचा शर्ट. अण्णांचा पलंग तिथेच होता. खेळणी उरली नाहीत हे मला दारातच सांगायचं होतं, पण जमलं नाही. शेवटी अण्णांच्या पायाशी बसले आणि सगळ्यांसमोर बोलले.

"अण्णा, मी खोटं बोलले. दवाखाना मी भंगारात दिला. बैल जळाला. बाहुलीचा एवढाच हात राहिला. मला माफ करा नाहीतर करू नका, पण जेवा..."

अण्णांनी डोळे उघडले. माझ्याकडे नाही, त्या लोकांकडे बघितलं.  कंधारचा टेम्पोवाला दाराकडे वळलासुद्धा.

मग सुमन पुढे आली. पलंगाजवळ गुडघ्यावर बसली आणि म्हणाली, "आमच्या वेळी अण्णा दोन्ही हात पुढं करायला लावायचे. एका हातात देत नव्हते." तिनं ओंजळ केली. "आमची माय म्हणाली होती, नहाण आलंय आता तुला, बाहुली कशाला? मी यायला पाह्यजे होतं अण्णा. आता आलेय. द्या."

मला वाटलं ही बाई आजारी माणसाचं मन राखतेय, आणि तिचे पाय धरावेत असं वाटलं. अण्णांचा डावा हात हलला. पलंगाशेजारी भिंतीपाशी गेला, तिथे काही नाही, नुसती भिंत. बोटांनी काहीतरी उचललं, सावकाश आणलं आणि सुमनच्या ओंजळीत ठेवलं.

सुमनचे हात खाली झुकले. मी दोन फुटांवर होते, मी पाहिलं. हातात वजन आल्यावर झुकतात तसे झुकले. तिनं ओंजळीत बघितलं, अंगठ्यानं काहीतरी चाचपलं आणि तिचा चेहरा बदलला. "नवा हात बसवलाय," ती म्हणाली, आणि असं रडायला लागली की मला बघवेना. तिच्या ओंजळीत मला काहीच दिसत नव्हतं. माझ्या हातात मात्र तो जुना, कोपरापासून तुटलेला हात होता.

एकामागून एक नऊ जण बसले. शेवटी गंगाधर. त्यानं ओंजळीतलं ते, जे काही होतं ते, फरशीवर ठेवलं आणि बोटानं पुढे ढकललं. आणि मला आवाज आला. लाकडी चाकांचा... एक चाक किंचित वाकडं असलं की होतो तसा, थांबून थांबून. कॉटखालून पार स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेला. आतून माझा नवरा म्हणाला, "काय गडगडलं गं?" त्यानं आतून काही पाहिलेलं नव्हतं, त्याला कोणी काही सांगितलेलं नव्हतं.

लोक गेल्यावर मी डाळीच्या पाण्याचा चमचा अण्णांच्या ओठाला लावला. त्यांनी तोंड उघडलं. सहा चमचे घेतले. नळी टळली. त्यानंतर ते एकोणीस दिवस जगले, रोज थोडं थोडं खायचे. पण त्या एकोणीस दिवसांत माझ्याकडे बघून एकदाही हसले नाहीत. गाठ मारायची खूणही परत केली नाही. मला त्यांनी माफ केलं की नाही हे मला कळलं नाही, आता कळणारही नाही.

इथे हे संपलं असतं तर मी लिहिलंच नसतं, मनातच ठेवलं असतं. एकतीस खेळणी होती. त्या रविवारी नऊ गेली.

अण्णांना जाऊन पंधरा दिवस झाले नसतील, उदगीरहून एका माणसाचा फोन आला, कार्ड आलंय म्हणून. माझा नंबर त्याला रऊफचाचांनी दिलेला. शिक्का लातूरचाच, तारीख त्या आठवड्यातली. मी त्याला सांगितलं, वडील वारले. तो म्हणाला, "मग तुमच्याकडं असंल की ताई. कार्डावर तर बरं झालं म्हणून लिवलंय." तो आला. त्यानं माझ्यासमोर ओंजळ केली. अण्णांनी केलं तसं मी हात भिंतीपाशी नेला, उचलल्यासारखं केलं, त्याच्या हातात ठेवलं. त्याचे हात झुकले नाहीत. तो तसाच उभा राहिला, वाट बघत, मग ओंजळ सोडली आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाला, "असू द्या ताई. तुमची काय चुकी." चपला घालताना त्याला बंद सापडेना. त्याच्यानंतर आणखी चार जण येऊन असेच गेले.

नवऱ्यानं अण्णांच्या बँकेतल्या फॉर्मवरचं अक्षर कार्डाशी ताडून पाहिलं, तेच निघालं. मी लातूरला जाऊन आले. दुकान होतं तिथे खड्डा आहे, त्यातून सळया वर आल्यात. पोस्टातल्या त्या माणसानं मला बघून खिडकी बंद केली. पोलिसांत काय सांगणार? डॉक्टरला काय सांगणार? कार्डं कोण लिहितं, पत्ते कुठून मिळतात, सुमनच्या हातात काय होतं? तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर सांगा, मी अगदी हात जोडून विचारते आहे.

परवा देगलूरहून एका बाईंचा फोन आला. पन्नाशी उलटलेल्या असाव्यात, बोलताना मधेच तेलुगू येत होतं. त्यांचा पांगुळगाडा होता, धाकट्या भावाचा, तो भाऊ लहानपणीच गेला. "कार्ड माझ्या नावानं आलंय," म्हणाल्या, "रविवारी येते." मी 'या' म्हणाले. आज शनिवार आहे.